एएलटी ११८

डॉक्टर मॅकॲलिस्टरनं स्क्रीन आमच्याकडे वळवली.
दोन आकडे लाल, बाकीचे काळे, निवांत.
एएलटी एकशे अठरा. एएसटी शहात्तर.
शेजारी बारीक अक्षरात, निरोगी माणसांची वरची हद्द.

"आठवड्याला किती पिता?"
"नाताळात एक शेरी, ऑफिसातली."
तिनं तेवढंही लिहून घेतलं.
बायको खिडकीतून टे नदीकडे बघत होती.
साडेतीनलाच पाणी दिसेनासं झालेलं.

मग तिनं समजावलं, प्लंबर समजावतो तसं:
ही एन्झाइमं पेशीच्या आत राबणारी.
पेशी दुखावली की झिरपतात, रक्तात येतात.
आकडा एवढंच सांगतो की घरात कुठंतरी ओल आहे.
पाइप कुठला, कधीपासून गळतोय,
ते आकड्याला विचारू नका.
आणि हेही ऐकून ठेवा,
आतून खचलेली भिंत कधीकधी कोरडी दिसते.
तुमचं बिलिरुबिन ठीक, अल्ब्युमिन ठीक,
म्हणजे कामावर हजेरी आहे.

"मग मला झालंय काय?"
"अजून नाव नाही."

गोळ्या सांगितल्या: बीपीची एक, कोलेस्टेरॉलची एक,
गुडघा बोलला तर पॅरासिटामॉल.
"आणखी काही? झाडपाल्याचं?"
"नाही," म्हणालो.
खोटं नव्हतं ते. झाडपाला म्हणजे औषध,
आणि डब्यातली ती पूड म्हणजे अक्का.

बायको खिडकीपासून वळली. "गुळवेल."
तासाभरात तिचा हा पहिला शब्द.
"स्पेलिंग?"
जी, यू, एल, असं करत
आमच्या परसातला वेल
डंडीच्या एका फायलीत चढत गेला.

तासगावला कडुलिंबावर आहे तो.
शैलाक्का कापते, वाळवते, कुटते,
हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत भरून
चिकटपट्टीचे सात वेढे मारते
आणि बेदाण्याच्या पिशवीखाली दडवून धाडते.
तीन वर्षं, रोज सकाळी एक चमचा, कोमट पाण्यातून.
तिकडं तुझ्याकडं बघायला कोण आहे, म्हणते.
बायको फोनजवळच बसलेली असते.

"असेल त्यानं, नसेलही," डॉक्टर म्हणाली.
"पोटावरचा घेरही असू शकतो.
बंद करा. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.
सोनोग्राफीचं पत्र घरी येईल."

पर्थ रोडनं चालत आलो. कसायाच्या काचेमागं
ट्रेमध्ये ते होतं, चकचकीत, तपकिरी.
शाळेत यकृत म्हणायचो, वहीत रंगवायचो.
दस्तगीर मात्र सुरी पुसत विचारायचा,
"काळीज देऊ पावशेर?"
आणि अक्काची जीप सासरी निघाली तेव्हा
माझं जे चर्र झालं, तेही काळीजच.
भीती, माया, पोटची पोरं, सगळं आपण
या एका अवयवावर लादलं,
वर छातीत हात ठेवून दाखवलं डावीकडे.
ते बिचारं उजवीकडे, बरगडीखाली,
न दुखता.
दुखलं असतं तर विचारलं तरी असतं.

रविवारी फोन.
"घेतोस ना रे?"
"हो."
बायकोनं टीव्हीचा आवाज वाढवला.
बरणी टाकवेना. तांदळाच्या डब्यामागं सरकवली,
तोंड भिंतीकडं करून.

सहाव्या आठवड्यात मोरॅगनं दंड बांधला,
"थोडं टोचेल, बरं का," म्हणाली.
नळीचं टोपण पिवळं.
आत रक्त लाल नव्हतं, जवळजवळ काळं होतं.
शुक्रवारपर्यंत कळवतील.

गुरुवारी पार्सल आलं.
बेदाणे वर होते. आम्ही दोघांनी
उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली,
मूठमूठ,
खालची बरणी हाताला लागेपर्यंत.